शिवेपलीकडचा गाडा

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असताना माझ्या मोबाइलच्या वॉलपेपरवर एका विषाचं चित्र होतं. कॉलऱ्याच्या जिवाणूचं टॉक्सिन, वरून पाहिलेलं. पाच सारख्या पाकळ्या, मधे भोक, प्रत्येक पाकळीला वेगळा रंग. सेमिनारसाठी मला हेच प्रोटीन मिळालं होतं आणि महिनाभर त्याच्यासोबत राहून ते मला चक्क आवडायला लागलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेले तेव्हा आजीने मोबाइल हातात घेतला आणि विचारलं, "ह्ये कसलं फूल गं? तगरीचं का?"

"फूल नाही आजी. पटकीचं विष आहे ते."

आजी काही बोलली नाही. तिने मोबाइल उलटा करून चटईवर ठेवला आणि लसूण सोलायला घेतला.

माझी जीभ तिथेच चावायला हवी होती, कारण मला माहीत होतं. आमच्या घरात सगळ्यांनाच माहीत आहे. माझ्या बाबांच्या आधी आजीला एक मुलगा झाला होता. कोयनेच्या भूकंपानंतरच्या पावसाळ्यात, म्हणजे 1968 साली, गावात पटकी आली आणि तो गेला. पावणेदोन वर्षांचा होता. सकाळी खेळत होता आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नव्हता. आमचं गाव माणदेशातलं. तेव्हा नदीच्या वाळूत झिरे काढून प्यायचं पाणी भरायचे, आणि पाऊस झाला की वरची सगळी घाण त्याच वाळूत उतरायची. घरात ही गोष्ट एका वाक्यात संपते: "पहिला मरीआईनं नेला."

पण मला दुसरंही एक वाक्य माहीत होतं. बाबांच्या आत्याने कधीतरी बोलता बोलता सांगितलेलं. जुलाब सुरू झाल्यावर त्या पोराचं पाणी तोडलं होतं. पाणी दिलं की जुलाब वाढतात, असं सगळेच म्हणायचे. म्हणून दिलं नाही. पोर कळशीकडे बघत होतं.

हे वाक्य मी लहानपणी ऐकलं तेव्हा वाईट वाटलं होतं. टॉक्सिनचा अभ्यास केल्यावर त्या वाक्याचा अर्थच बदलला. आता मला कळत होतं की त्या दीड दिवसात नेमकं काय चाललं होतं आणि पाण्याने काय झालं असतं. म्हणजे माझ्याकडे एक माहिती होती, जी आजीच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवसाबद्दल होती, आणि ती (माझ्या समजुतीप्रमाणे) आजीकडे नव्हती. ही माहिती तिला सांगणं माझं काम आहे का? की न सांगणं? या प्रश्नाभोवती मी बरेच दिवस घुटमळले. तो नीट मांडायचा तर आधी ते विष काय करतं हे सांगावं लागेल. थोडं विज्ञान सहन करा, कारण सगळी गोम तिथेच आहे.

कॉलऱ्याचा जिवाणू, व्हिब्रिओ कॉलरी, आपल्या आतड्यात शिरून पेशी कुरतडत नाही. तो आतड्याच्या अस्तराला चिकटतो आणि बाहेरूनच एक प्रोटीन सोडतो. हे पहिल्यांदा पक्कं दाखवलं ते कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी, 1959 साली. त्यांनी जिवाणू वाढवलेलं द्रावण गाळून जिवाणू पूर्ण काढून टाकले आणि उरलेलं पाणी सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यात घातलं. आतडं तरीही द्रवाने टम्म फुगलं. रॉबर्ट कॉखने 1884 मध्येच विषाचा संशय बोलून दाखवला होता, पण ते आतड्यातच काम करतं हे सिद्ध व्हायला पाऊण शतक गेलं.

हे विष म्हणजे सहा तुकड्यांचं यंत्र आहे. पाच तुकडे एकसारखे, त्यांना बी म्हणतात, प्रत्येकात 103 अमिनो आम्लं. ते गोल कडं करतात. तेच ते तगरीचं फूल. सहावा तुकडा ए, तो कड्यावर बसलेला असतो आणि त्याची शेपटी कड्याच्या भोकातून खाली उतरलेली असते. बी कड्याचं काम दार धरण्याचं. आपल्या आतड्याच्या पेशींवर जीएम1 नावाचा, साखरेची साखळी लागलेला एक स्निग्ध पदार्थ असतो. तो आपणच बनवतो, आपल्या कामासाठी. कड्याच्या पाचही पाकळ्या एकेक जीएम1 पकडतात, आणि पाच हातांनी धरलेली पकड सुटता सुटत नाही.

पुढचं वाचून मी पहिल्यांदा हसले होते. पेशी हे सगळं स्वतःच आत ओढून घेते. ए-च्या शेपटीच्या टोकाला चार अमिनो आम्लांची एक खूण असते, के-डी-ई-एल. आपल्या पेशीच्या आत जिथे प्रोटीनं घडवली जातात, त्या कारखान्यातली कायमची कामगार प्रोटीनं हीच खूण बाळगतात. चुकून बाहेर गेलीच तर ती खूण बघून त्यांना परत आणलं जातं. विषाच्या शेपटीला तेच ओळखपत्र. त्यामुळे पेशीची वाहतूक त्याला उलट्या दिशेने, थेट कारखान्यात नेऊन सोडते. तिथे ए-चा कामाचा भाग सुटा होतो आणि उलगडतो. उलगडलेलं प्रोटीन कारखान्याला बिघडलेलं वाटतं. बिघडलेला माल मागच्या दाराने बाहेर फेकायची सोय प्रत्येक पेशीत असते, म्हणजे तो पुढे भंगारात जाऊन मोडला जावा. विष त्या भंगाराच्या वाटेने बाहेर पडतं, मोडणाऱ्यांच्या तावडीतून निसटतं, आणि पेशीच्या मधोमध पुन्हा घडी घालून उभं राहतं.

आणि मग ते करतं एवढंच: पेशीतल्या एका स्विचवर एक छोटी रासायनिक चिठ्ठी चिकटवतं. ती चिठ्ठीसुद्धा पेशीच्याच एनएडी नावाच्या रेणूतून फाडलेली. हा स्विच, जीएस, संदेश आला की चालू होतो आणि थोड्या वेळाने स्वतःहून बंद होतो. चिठ्ठी लागली की त्याला बंद होता येत नाही. स्विच चालू, म्हणून सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या बनतच राहतो, त्याने क्लोराइडची दारं उघडी पडतात, क्लोराइडमागे सोडियम, सोडियममागे पाणी. जोराचा कॉलरा झालेल्या मोठ्या माणसाच्या शरीरातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं, तांदळाच्या धुवणासारखं. पेशी मेलेली नसते, फाटलेली नसते. आतड्याला पाणी सोडणं येतंच, ते रोजचं काम आहे. फक्त थांबणं हरवलेलं असतं.

आणि दुसरी गोष्ट, जी मला झोपू देत नव्हती. त्याच पेशींवर अजून एक दार असतं, जे सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत घेतं, आणि त्यांच्यामागे पाणी आत येतं. विष या दाराला हात लावत नाही. कॉलरा ऐन भरात असतानाही ते चालू असतं. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी चार-पाच दिवसांत तशाही बदलल्या जातात, चिठ्ठी लागलेल्या जुन्या जातात, नव्या येतात. म्हणजे तेवढे दिवस त्या एका दारातून पाणी, मीठ आणि साखर देत राहिलं, तर बहुतेक माणसं तगतात.

कळशी खोलीत होती. गूळ आणि मीठ चुलीशेजारी असणारच.

तर, दोष कोणाचा? प्रोटीनचा नाही, हे उघड आहे. त्याला काही हवं-नको नसतं. त्याला विष म्हणणंही आपल्या बाजूने केलेला निवाडा आहे. त्याचाच बी तुकडा एकटा घेतला तर निरुपद्रवी असतो. तो कॉलऱ्याच्या एका तोंडाने घ्यायच्या लशीत घालतात, आणि मज्जातंतू कुठून कुठे जातात हे शोधायला मेंदूचे अभ्यासक तोच वापरतात. मग जिवाणूचा दोष? व्हिब्रिओचं मूळ घर खाडीचं मचूळ पाणी. तिथे तो बारीक जलचरांच्या कवचांवर राहतो, आणि व्हिब्रिओंच्या बहुतेक जातींकडे हे विष नसतंच. विषाचा जीन जिवाणूचा स्वतःचा नाहीच. तो एका विषाणूने आणून दिलेला आहे, जिवाणूला लागण करणाऱ्या फाजने. 1996 मध्ये वाल्डोर आणि मेकालानोस यांनी ते दाखवलं. आता त्या विषाणूला धरा. विषाणू म्हणेल, मी तर धड जिवंतही नाही.

हे शोधत जाताना मला मरीआईचा गाडा आठवला. मी तो पाहिलेला नाही, आजीकडून ऐकलाय. पटकी आली की गाव लाकडाचा छोटा गाडा करायचं. त्यात देवी, खण, बांगड्या, नारळ, लिंबू, नैवेद्य. वाजतगाजत गाडा गावच्या शिवेपर्यंत न्यायचा आणि पलीकडे सोडून यायचा. देवी गेली. आता ती पुढच्या गावाची. पुढच्या गावाला पत्ता लागला की तेही घाईघाईने गाडा आपल्या पलीकडच्या शिवेवर नेऊन सोडायचे. यावरून गावागावांत भांडणं व्हायची, कोणी रात्रीतून गुपचूप सोडून जायचे. आजी हे सांगताना हसायची. "आपली पिडा दुसऱ्याच्या रानात," म्हणायची.

दोषाचंही आपण हेच करतो. साहेबांचं राज्य होतं तेव्हा 1866 साली कॉन्स्टँटिनोपलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. तिथे ठरलं की कॉलऱ्याचं कायमचं घर गंगेच्या मुखाशी आणि तो पसरवणाऱ्या यात्रा. यात खोटं फार नव्हतं. पण तो पसरवणारी जहाजं, सैन्याच्या हालचाली आणि यात्रेच्या ठिकाणी पिण्याच्या पाण्याची वानवा यांच्याबद्दलचं बोलणं यात्रेकरूंवर बोलण्याइतकं सोपं नव्हतं. गाडा वारकऱ्यांच्या शिवेत.

आणि हे फक्त अडाणी गावात किंवा साहेबाच्या राज्यातच होतं असंही नाही. 2010 मध्ये हैतीत भूकंपानंतर काही महिन्यांनी कॉलरा आला. त्या देशात कॉलऱ्याची साथ आल्याची नोंदच नव्हती. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेची एक छावणी नदीच्या उपनदीकाठी होती, तिथल्या नेपाळी तुकडीच्या संडासांची घाण पाण्यात गेली, आणि ते पाणी आर्तिबोनित नदीत. जिवाणूच्या जनुकांची तुलना नेपाळमधल्या जिवाणूंशी केली तर ती जवळजवळ तंतोतंत जुळली. आठ लाखांवर लोक आजारी पडले, दहा हजारांच्या आसपास मेले. 2011 मध्ये नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीने सगळा माग काढला, आणि निष्कर्ष असा लिहिला की अनेक परिस्थिती एकत्र जुळून आल्या, यात कोणा एका गटाचा किंवा व्यक्तीचा दोष नाही. पीडितांनी कोर्टात धाव घेतली तेव्हा संस्थेने कायदेशीर संरक्षण पुढे केलं. माफी मागितली गेली ती 2016 च्या डिसेंबरमध्ये, आणि तीही साथ आणल्याबद्दलची नव्हती. साथीच्या काळात पुरेसं केलं नाही, एवढ्यापुरती.

अनेक परिस्थिती जुळून आल्या. प्रोटीनबद्दल हे वाक्य अगदी खरं आहे. माणसांबद्दल कितपत?

इथे मला महाभारतातली एक गोष्ट सोडवत नाही. अनुशासनपर्वाच्या सुरुवातीची. भीष्म शरपंजरी आहेत, युधिष्ठिर म्हणतोय की हे सगळं माझ्यामुळे झालं, मला शांती नाही. भीष्म त्याला गौतमीची गोष्ट सांगतात. गौतमी ही म्हातारी बाई. तिचा मुलगा साप चावून मेला. अर्जुनक नावाच्या व्याधाने त्या सापाला दोरीने बांधून आणलं आणि विचारलं, याला जाळू की तोडू? गौतमी म्हणाली, सोड त्याला, याला मारून माझा मुलगा परत येणार नाही. व्याध ऐकेना. तेव्हा साप बोलला: माझा काय दोष, मला मृत्यूने पाठवलं. मृत्यू आला, म्हणाला: मला काळाने पाठवलं. काळ आला, म्हणाला: आमच्यापैकी कोणीच नाही, त्या मुलाचं कर्मच त्याला कारण. गौतमी म्हणाली, खरं आहे, आणि माझंही कर्म. साप सुटला.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा गौतमी मला फार मोठी वाटली. अजूनही वाटते. पण साप, मृत्यू, काळ यांचं ते बोलणं वाचताना मला आता गाडाच दिसतो. एकेक जण तो आपल्या शिवेपलीकडे ढकलतोय. आणि शेवटी गाडा कुठे जाऊन थांबला? जो बोलू शकत नाही त्याच्या दारात, मेलेल्या पोराच्या. त्याच्यापुढे ढकलायला गावच उरलं नाही. पावणेदोन वर्षांच्या पोराचं कसलं कर्म? त्याने फार तर दोन-तीन वेळा पाणी मागितलं असेल. या निकालाशी माझं पटत नाही, भीष्मांनी सांगितलेला असला तरी.

मग मी माझा एक हिशोब लावला. सेमिनारच्या आधीच्या रात्री, हॉस्टेलच्या गच्चीवर, एका मैत्रिणीला ऐकवतही बसले. म्हटलं, दोष कुठे सुरू होतो माहितीये? ज्याला सांगता येतं तिथे. प्रोटीनला सांगता येत नाही. तुम्ही टॉक्सिनसमोर उभं राहून कितीही समजावलं तरी ते चिठ्ठी चिकटवणारच. सापालाही नाही. पण छावणीच्या अधिकाऱ्याला सांगता येतं की संडासाचा पाइप नदीत सोडू नको. नगरपालिकेला सांगता येतं की पाण्याची लाइन आणि गटार शेजारून नेऊ नका. सांगितल्यावरही जो तेच करतो, त्याने परिस्थितीचं नाव घेऊ नये. आणि ज्याला सांगता आलं असतं पण कोणी सांगितलंच नाही, त्याच्या दारातला गाडा उचलून न सांगणाऱ्याच्या दारात न्यावा. मैत्रीण म्हणाली, छान आहे, पण तू झोप आता.

हा हिशोब मी आजीला लावून पाहिला. 1968 साली माणदेशातल्या बावीस वर्षांच्या बाईला कोण सांगणार होतं? पाणी तोडायचं ही अक्कल काही आमच्या गावाने एकट्याने काढलेली नव्हती. एकोणिसाव्या शतकातले नामांकित डॉक्टर कॉलऱ्याच्या रोग्याचं रक्त काढायचे, त्याला रेचक द्यायचे. आतड्याला विश्रांती द्यावी, तोंडाने काही देऊ नये, हा विचार विसाव्या शतकातही पुष्कळ टिकला. पण कळलेलं कोणीतरी होतं. 1953 मध्ये कोलकात्याच्या हेमेंद्रनाथ चॅटर्जींनी 186 रुग्णांना तोंडाने मीठ-ग्लुकोजचं पाणी देऊन बरं केल्याचं लॅन्सेटमध्ये छापलं होतं. त्यात तुलनेसाठी वेगळा गट नव्हता वगैरे त्रुटी होत्या, जगाने लक्ष दिलं नाही. आणि 1968 सालीच, आजीच्या त्याच पावसाळ्यात, ढाक्याला नलिन आणि कॅश यांनी हेच पुन्हा, नीट मोजमाप करून दाखवलं.

तीन वर्षांनी, 1971 मध्ये, बांगलादेशच्या युद्धातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत कॉलरा पेटला. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा, एक लिटर पाण्यात, असं मिश्रण पिंपांत भरून ठेवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच सांगितलं की भरा आणि पाजत राहा. मृत्यूचं प्रमाण तीसेक टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आलं. ज्या बायका आतापर्यंत नुसत्या बघत बसल्या असत्या, त्यांच्या हातात मग आला. महालनबीस 2022 मध्ये गेले. पद्मविभूषण त्यांना गेल्यानंतर मिळालं.

म्हणजे माझ्या हिशोबाप्रमाणे आजी निर्दोष होती. पूर्ण. तिला कोणी सांगितलं नव्हतं. पण हे तिला कळावं म्हणून मला आधी हे सांगावं लागणार होतं की पाण्याने तो वाचला असता. निर्दोष ठरवायच्या नादात मी तिला आरोप ऐकवणार होते, जो तोपर्यंत कोणी केलाच नव्हता. मरीआईवर सोडलेला गाडा पन्नास-पंचावन्न वर्षांनी ओढून तिच्या दारात आणायचा आणि मग म्हणायचं, घाबरू नको, हा तुझा नाही. ज्याला सांगता येतं त्याला सांगावं, हे बोलायला सोपं होतं, कारण तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर नगरपालिका होती.

त्या दिवाळीत भाऊबिजेच्या आदल्या रात्री वीज गेली. बाकीचे गच्चीवर झोपायला गेले. मी आणि आजी खाली. मी मोबाइलचा टॉर्च लावून ठेवला होता. बराच वेळ गेल्यावर आजीच म्हणाली,

"तुला तुझ्या आत्तेआजीनं सांगितलं असंल. पाण्याचं."

मी हो म्हटलं.

"आत्याबाईंनी कळशी उचलून माळ्यावर ठिवली. मला म्हनाल्या, तू बाहीर जा, तुझ्याच्यानं बघवायचं न्हाई." आत्याबाई म्हणजे तिची सासू. "मी गेले न्हाई. बसून ऱ्हायले."

मी काय बोलणार? म्हटलं, "तेव्हा सगळीकडेच तसं करायचे आजी. डॉक्टरसुद्धा. कोणाला माहीतच नव्हतं."

"मला ठावं हाय."

"काय?"

"पाणी पाजायचं असतंय ते. तुझा बाप धाकटा व्हता, नववीत-धावीत असंल. नर्सबाई आल्या व्हत्या. देवळात समद्या बायका गोळा केल्या. भांड्यात पानी घ्यून दाखिवलं, यवढी साखर, यवढं मीठ. म्हनाल्या, जुलाब लागलं की पाणी तोडायचं न्हाई, उलटं पाजत ऱ्हायाचं. जलसंजीवनी."

"मग?"

"मग काय. उठून घरी आले. भाकरी थापल्या."

म्हणजे चाळीस वर्षं. मी जी माहिती तिच्यापासून लपवायची की नाही यावर गच्चीवर तत्त्वज्ञान करत होते, ती तिच्याकडे माझ्या जन्माच्या आधीपासून होती. लहानपणी आमच्या पोटात नुसतं गुडगुडलं तरी आजी तांब्या घेऊन मागे लागायची, घोट घोट पाज, संपव, अजून पी. आम्ही वैतागायचो. गल्लीतल्या पोरांनाही पाजायची. म्हातारीचं खूळ म्हणायचे सगळे.

मी विचारलं, "पणजी तेव्हा होती का?"

"व्हती की. खाटंवरच व्हती. चार वरसं काढली त्येच्यानंतर."

"तिला सांगितलंस? नर्सबाईंचं?"

आजीने मान हलवली. नाही.

"का?"

"सांगून काय. त्यांचा बी नातूच व्हता की."

मी त्यावर पुष्कळ विचार केलाय तेव्हापासून. माझ्या हिशोबात हे कुठे बसतं? पणजीला सांगता आलं असतं. आजीकडे सांगण्यासारखं होतं, आणि सांगायचा हक्क जर कोणाला असेल तर तो तिला होता. चार वर्षं ती रोज त्या बाईला भरवत होती, न्हाऊ घालत होती, आणि रोज न सांगत होती. हे गौतमीसारखं आहे का? गौतमीने सापाला सोडलं, पण काळाचा निकालही मान्य केला. आजीने कुठलाच निकाल मान्य केल्याचं मला दिसत नाही. मरीआईनं नेला, हे वाक्य घरात ती स्वतः कधीच म्हणत नाही, हे मला त्या रात्री लक्षात आलं. ते बाकीचे म्हणतात. आणि ज्या कोणाला पुढे उपयोग होणार होता, त्या प्रत्येकाला ती सांगत राहिली, तांब्या घेऊन. फक्त एका व्यक्तीला सांगितलं नाही, जिला सांगून कोणाचंच पोर वाचणार नव्हतं. मला हे बरोबर वाटतं. पण पणजीच्या बाजूने विचार केला की अडखळते. तिलाही कळायला हवं होतं का, आपण काय केलं ते? मी तिच्या जागी असते तर मला हवं असतं का? कधी हो वाटतं, कधी नाही.

आजीने चटईवरचा मोबाइल उचलला. टॉर्च तिच्या डोळ्यांवर आला तसा मी तो बंद केला. स्क्रीनच्या उजेडात ते चित्र पुन्हा समोर आलं.

"मोठं कर."

मी दोन बोटांनी मोठं केलं.

"येवढुसं असतंय?"

"याच्याहून कितीतरी लहान. डोळ्यांनी दिसतच नाही."

"त्येला कळतंय का, आपुन काय करतोय ते?"

"नाही आजी. काहीच कळत नाही."

ती बघत राहिली. एका पाकळीवरून बोट फिरवलं तर चित्र सरकून बाजूला गेलं, मी परत आणून दिलं.

"आन ह्यो कसा शिरतोय आत? पयल्यापासनं सांग."

मी पहिल्यापासून सांगायला लागले. पाच हात, दार, शेपटी, भंगाराची वाट, न विझणारा दिवा. ती मधेमधे हूं म्हणत होती. एवढं सगळं बंद पडलं तरी एक दार उघडंच राहतं, इथपर्यंत मी आले तेव्हा तिने मला थांबवलं.

"कुठलं?" म्हणाली, आणि पदराने चष्मा पुसायला लागली.